नारळ वाढव म्हणजे काय करायचं?

एका गावात एक आई होती, आणि तिच्या जिवाला एकच घोर होता: आपण गेल्यावर लेकीचं कसं होणार?

लेक स्वमग्न. गोंगाट झाला की कानांवर हात ठेवायची आणि ऐकलेला शब्द जसाच्या तसा धरायची. लहान होती तोवर गावाने कौतुक केलं. मोठी झाली, तशी तीच माणसं म्हणू लागली, "आता हिला घरातच ठेवा बाई."

"घरात म्हणजे कुठे? फळीवर, डब्यांच्या मागे?" आई वैतागून विचारायची.

शेवटी चिवडेवाल्या मावशींनी लेकीला कामावर घेतलं. पहिल्याच दिवशी नव्या दुकानाचा मुहूर्त. आईही सोबत आली होती. मावशींनी घाईघाईत तिच्या हातात नारळ दिला. "जा गं, तेवढा नारळ वाढव."

लेक गेली ती येईचना. सगळे मागच्या अंगणात जाऊन बघतात, तर हिने खड्डा करून नारळ पुरलेला, आणि वर तांब्याने पाणी घालतेय.

माणसं पोट धरून हसली. मावशींचा पारा चढला. "अगं, साधा नारळ फोडता येत नाही तुला?"

"फोड म्हणाला नाहीत," लेक म्हणाली. "वाढव म्हणालात. ताटात हवा असता तर वाढ म्हणाला असतात."

"शुभकार्यात फोड म्हणत नाहीत गं," मावशी म्हणाल्या.

आईने सवयीने लेकीचा हात धरला. "चुकलं मावशी. नेते मी हिला घरी."

लेकीने हात सोडवून घेतला. "मला घरी नको. मला इथे काम करायचंय. नीट सांगा."

आई थबकली. मग मावशींकडे वळली. "फोडायच्या नारळाला आपण वाढव म्हणायचं, आणि खुळी ही? हिच्या शेजारी उभं राहून अर्थ सांगायला मी काय जन्माला पुरणार आहे? तुम्हीच सरळ बोला की जरा."

पोरीला काढून टाकणं सोपं होतं. मावशींनी एक सुस्कारा सोडला. "बरं. नारळ उकरून काढ. धुऊन आण. या दगडावर आपटून फोड."

लेकीने तसंच केलं.

पुढे मावशींनी तिला आतल्या शांत खोलीत पुड्या बांधायला बसवलं. एखादं गिऱ्हाईक बाहेरून ओरडलं, "पोरी, जरासा चिवडा दे गं," की मावशीच खेकसायच्या, "जरासा म्हणजे किती, ते सांगा आधी."

आणि आई? मुहूर्ताच्या त्या दुपारी ती घरी एकटीच जेवायला बसली. एरवी लेकीच्या मागे धावता धावता तिचं ताट गार व्हायचं. कित्येक वर्षांनी तिने गरम भात खाल्ला.

तात्पर्य: मूल मोठं झालं म्हणून त्याला लागणारी साथ संपत नाही. ती एकट्या आईवर टाकू नका. आपलं बोलणं थोडं सरळ केलंत, तरी त्याचं पाऊल पुढे पडतं.