हौदातले दगड

कोण्या एके काळी, तुमच्या-आमच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या मागे, एका राजाच्या बागेत भलामोठा दगडी हौद होता. आणि त्यात मासा मात्र एकच! कपाळावर टेंगूळ, परातीएवढं अंग आणि स्वभाव? बाप रे, विचारूच नका.

हौदाची देखभाल एक म्हातारा माळी करायचा. तोही एकटाच. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मध्यंतरी त्याची विधवा धाकटी बहीण राहायला आली होती, पण महिन्याभरात निघून गेली. का गेली, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून तो माशाशीच बोलायचा. "जेवलास का रे?" असं विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा.

एकदा माशाने खाणं सोडलं. कणकेच्या गोळ्या पाण्यात तशाच विरघळू लागल्या. माळी हौदाच्या काठावर येऊन बसला.

"तूही चाललास की काय रे?" तो म्हणाला. हा मासा गेला, तर माळ्याची वाट बघणारा एकही जीव जगात उरणार नव्हता.

सोबत नाही म्हणून हा झुरतोय, असं माळ्याला वाटलं. त्याने बाजारातून चार सोनेरी मासे आणून सोडले. काय देखणे होते म्हणून सांगू! संध्याकाळपर्यंत मोठ्या माशाने एकही जिवंत ठेवला नाही. रंग बघून सोबती निवडणारे शहाणे तेव्हाही होतेच.

मग तो नदीवर नाव चालवणाऱ्या कोळणीकडे गेला. ती म्हणाली, "वरच्या पाण्यात त्याचं राज्य आहे, तिथे दुसरा नको. तळाशी राहणारा सोडा. त्याच्या तोंडात न मावणारा आणि जरा काटेरी." तिने हातभर लांब, मिशाळ अशी शिंगटी नावाची मासळी दिली. दिसायला अगदीच गबाळी, पण हौदात पडताच तिने सरळ तळ गाठला.

पण मोठ्या माशाने तिलाही सळो की पळो करून सोडलं. ती ज्या दगडाआड जाई, तिथे हा हजर! दुसऱ्या दिवशी तिचे पर फाटलेले दिसले. माळी तणतणत कोळणीला घेऊन आला.

"फसवलंस मला!"

तिने वाकून पाण्यात पाहिलं. "माळीबाबा, हे दगड शेवटचे कधी हलवले होते?"

"हलवायचे कशाला? माझ्या बायकोने रचलेत ते. मी कुणाला हात लावू देत नाही."

"मग येणारीने राहायचं कुठे? इथली प्रत्येक कपार त्याची. मासा वाईट नाही हो. हे सगळं आपलंच, एवढंच त्याला ठाऊक आहे."

मग कोळीण हळूच म्हणाली, "तुमची बहीण माझ्याच नावेतून पलीकडे गेली, बाबा. सारखे डोळे पुसत होती. म्हणाली, पाण्याचा माठ चुलीजवळून खिडकीपाशी ठेवला, तर दादा दोन दिवस बोलला नाही."

माळ्याला रडू फुटलं. धोतर खोचून तो हौदात उतरला आणि एकेक दगड उचलून दुसरीकडे रचू लागला. मोठा मासा पार भांबावला. आपला कोपरा शोधत तो फिरत राहिला, तेवढ्यात शिंगटीने एका कपारीत जागा धरली. आता तिथे दोघंही नवे होते. दोन दिवसांनी मोठ्या माशाने पहिली गोळी खाल्ली. तळाशी पडलेला चुरा शिंगटीने टिपला.

माळी धावतच घरी गेला. माठ खिडकीपाशी ठेवला, बहिणीच्या अंथरुणासाठी कोपरा झाडला आणि नावेत बसून पलीकडे गेला. पण बहीण तिथे नव्हती. ती यात्रेकरूंबरोबर दूर कुठेतरी निघून गेली होती. कुठे, ते कुणालाच सांगता येईना.

त्यानंतर माळी रोज खिडकीपाशी माठ भरून ठेवी. त्यातलं पाणी प्यायला घरात तो एकटाच होता. हौदात मात्र आता दोन मासे होते.

तेव्हा लेकरांनो, आणि लेकरांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: सोबत हवी असेल, तर सोबती घरात असतानाच आपले दगड हलवून त्याला जागा करून द्यावी.