साहेबांना जीपचं आमंत्रण

मथुराबाई पहिल्यांदाच प्रचारसभेला आल्या होत्या, त्याही मैत्रीण अनसूयाच्या आग्रहाने. विकास करून करून दमलेले आमदारसाहेब हेलिकॉप्टरमधून उतरले आणि माइकवर गरजले, "तालुक्यातले रस्ते मी गुळगुळीत केलेत! कुणाची तक्रार असेल तर उठून बोला!"

त्यातल्याच एका रस्त्यावर गेल्या महिन्यात मथुराबाईंची सून जीपमध्येच बाळंत झाली होती. त्या उठल्या.

अनसूयाने पदर ओढला. "अगं बस, त्यांची माणसं बघतायत!"

मथुराबाईंनी हात जोडले. "तक्रार नाही साहेब, विनंती आहे. परत जाताना आमच्या जीपने चला. एवढे छान रस्ते तुम्ही बघायला नकोत का?"

साहेब गडबडले. "आलो असतो हो, पण डॉक्टरांनी मला धक्के खायला सक्त मनाई केलीय!"

सगळा मांडव हसला. पहिल्या रांगेतले कार्यकर्तेसुद्धा तोंडावर उपरणं धरून हसत होते.