सगळ्यात वरचा डोंगर

लावा पैज! या गोष्टीत शेवटी एका माणसाला भारी किंमत मोजावी लागली. काय मोजली, ते आत्ताच ओळखून दाखवा. शेत म्हणाल तर चुकलात. बैल म्हणाल तरी चुकलात. पोरांनो, तुम्ही तर चुकणारच, पण तुमच्या शेजारी बसलेले हे मिशाळ लोक तुमच्याही आधी चुकणार. बघाच.

तर लई लई मागं, कधी ते विचारू नका, एक गाव होतं. गावात देवीची जत्रा भरायची. जत्रेला देवीच्या पाठीमागं एक भलंमोठं रंगवलेलं कापड टांगायचे, दर साली नवं. राजा स्वतः ते बघायला यायचा. आवडलं की म्हणायचा, "पुढल्या सालीबी जत्रा इथंच." नाही आवडलं तर जत्रा नदीपलीकडच्या गावाला. आणि पलीकडचं गाव टपूनच बसलेलं.

कापड रंगवायची रीतही न्यारी होती. घरटी एक साचा. साचा म्हणजे काय, तर जाड कातडं घ्यायचं, त्यात पानाचं, फुलाचं, ज्याचं त्याच्या आकाराचं भोक कातरायचं. कातडं कापडावर ठेवायचं, चिंधीचा बोळा डिंकात कालवलेल्या रंगात बुडवायचा आणि भोकावर ठोकायचा. थप थप थप! कातडं उचललं की खाली चित्र. तो थर वाळला की त्यावर दुसऱ्या घराचा साचा, मग तिसऱ्याचा. अकरा घरांचे अकरा थर. कुणाची पाळी कधी, ते ठकू मावशी ठरवायची. ती गावातली म्हातारी चितारीण. तिचं गणित सोपं होतं. जे लांबचं ते आधी, जे जवळचं ते नंतर. आधी आभाळ, मग डोंगर, मग झाडं, मग फुलं, आणि मग पाखरं.

डोंगराचा साचा रंभाजी पाटलाच्या घरचा. म्हशीचं अख्खं कातडं. उचलायला दोन माणसं लागायची. पण डोंगराचा थर पडला दुसरा! त्याच्यावर झाडं यायची, झाडांवर फुलं, फांदीवर मोर. राजा येईपर्यंत डोंगर दिसायचा तो दोन फांद्यांच्या फटीतून.

आणि सगळ्यात वर कोण? धुरपा कुंभारीण. तिचा साचा तळहाताएवढा, पोपटाचा. राजा दर साली म्हणायचा, "वा! पोपट काय सुरेख!"

पाटलाला ते फार झोंबायचं. जेवताना भाकरीवरचा हात थांबायचा.

"एवढा डोंगर ठोकतो मी," तो बायकोला म्हणायचा, "अन् राजाला दिसतं काय? पोपट!"

"आवं, पोपट बसलाय झाडावर," पाटलीण म्हणायची, "अन् झाड उभं हाय तुमच्या डोंगरावर."

"ते मला नगं सांगू. राजाला सांग!"

एका साली तो उठला आणि तडक मावशीकडं गेला.

"मावशे, औंदा माझा डोंगर शेवटी."

मावशी डिंक ढवळत होती. तिनं मान वर केली नाही. "डोंगर शेवटी कसा येईल, पाटील? तो काय उशिरा आलेला पाव्हणा हाय?"

"गावचा पाटील हाय मी!"

"म्हणून तर आभाळानंतर लगेच तुम्ही. आभाळाच्या आधी बसवू का?"

डिंकाशी बसलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. पाटील मनात गाठ मारून घरी आला.

अकरा थर झाले. कापड देवळाच्या अंगणात पसरून ठेवलं. जत्रेच्या सकाळी पालखी नदीवर निघाली, देवीला आंघोळ घालायला. अख्खा गाव मागं. पाटील म्हणाला, "माझा गुडघा धरलाय, मी राहतो राखणीला." आणि गाव वळणाआड गेला न गेला, तोच गुडघा सुटला!

दोघांनी उचलायचा साचा त्यानं एकट्यानं ओढत आणला. गेरू कालवला, चांगला घट्ट. आणि जो ठोकत सुटला! गाणं काय गुणगुणतोय, घाम काय पुसतोय. राजा काय म्हणेल ते त्याच्या कानात आत्ताच वाजत होतं. वा, डोंगर काय सुरेख!

साचा उचलला. डोंगर असा आलेला, की बघत राहावं.

पाटील चार पावलं मागं सरला आणि बघतो तर काय! डोंगर होता. वर आभाळाची एक पट्टी होती. बाकी काहीच नव्हतं. झाडं गेली, फुलं गेली, मोर गेला. मधोमध एक भलामोठा तांबडा ढीग, करपलेल्या थालीपिठासारखा.

त्यानं घाईघाईनं धोतराच्या सोग्यानं एक कोपरा पुसायला घेतला. तिथं गेरू आणि खालचा हिरवा मिळून शेणासारखं झालं. तेवढ्यात ढोल ऐकू आले. पालखी परत येत होती, आणि राजा दुपारच्या आत पोचणार होता.

लोक अंगणात शिरले आणि ढोल आपोआप थांबले.

ठकू मावशी पुढं आली. तिनं कापड बघितलं, मग पाटलाचे तांबडे हात बघितले.

"पाटील," ती म्हणाली, "डोंगर झकास आलाय. बाकीचं जग कुठं ठेवलंत?"

"माझा पोपट!" धुरपा ओरडली.

"हाय की. डोंगराच्या पोटात हाय."

लोक चवताळले. "गेली जत्रा! पाटलानं घालवली जत्रा!" पाटलाला वाटलं, जमीन दुभंगावी. तो पुटपुटला, "पुसून काढतो मी, मावशे..."

"हात लावाल तर बोटं मोडीन! वाळू दे. डोंगर खाली गेला की झालं."

"आता खाली कसा जाईल गं तो?" पाटलानं विचारलं.

"वर दुसरं कुणी आलं की जातोय खाली," मावशी म्हणाली. "अरे बघता काय? सुपं आणा!"

मग जी धांदल उडाली! बाया सुपांनी वारा घालतायत, पोरं गाल फुगवून फुंकतायत, नऊ घरांची माणसं नऊ साचे आणायला पळतायत. रंग कमी पडला. पाटील गुडघा विसरून घरी धावला आणि हळदीचा डबा, कुंकवाचा करंडा, चुलीवरचं काजळ, सगळं घेऊन आला. गेरू वाळला.

पण ठोकायचं कशानं? कालचे बोळे डिंकानं दगड झालेले. रंगागणिक कोरा बोळा हवा. पुन्हा घरी पळायला वेळ नाही, आणि जत्रेच्या दिवशी चिंधी कुणाच्या अंगावर असते? सगळे नवी लुगडी, नवी धोतरं नेसून आलेले. जो तो आपला पदर सावरायला लागला.

पाटलाच्या डोक्याला वीस हात लांब रेशमी फेटा होता. राजासमोर मिरवायला मुद्दाम लांबून आणवलेला. त्यानं तो सोडायला घेतला.

"आवं, काय करताय? चारचौघांत बोडकं?" पाटलीण धावली.

"किती बोळे लागतील, मावशे?"

"नऊ."

टर्रर्र! पहिला तुकडा निघाला. खाली जे टक्कल चमकलं, ते गावानं पहिल्यांदाच बघितलं. कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळा गावच हसला. पाटीलही हसला. दुसरं करतो काय?

ढोल पुन्हा सुरू झाले आणि ढोलाच्या तालावर बोळे पडायला लागले. डोंगरावर झाडं उगवली, झाडांना फुलं आली, मोर येऊन बसला. पाटील प्रत्येकाचा साचा दाबून धरत होता. शेवटी धुरपा आली. तिनं हिरवा बोळा त्याच्याच हातात दिला. "ठोका, पाटील. पर हळू. पाखरू हाय, दगड न्हाई."

कापड टांगलं आणि राजा आला. पाटील हरखून कापडापुढंच उभा, कोपरापर्यंत हिरवा, डोकं उघडं.

राजानं मान इकडून तिकडं केली. "अरे ए टकल्या! बाजूला हो जरा. डोंगर झाकतोयस."

पाटील टुणकन बाजूला झाला.

"वा!" राजा म्हणाला. "औंदा डोंगर काय उठून आलाय! म्हणून तर पोपट एवढा खुलतोय. जत्रा इथंच!"

गावानं एकच गिल्ला केला. मग राजानं विचारलं, "गावचा पाटील कुठाय? त्याला माझ्याशेजारी जेवायला बसवा."

पण उघड्या डोक्याचा माणूस राजाच्या पंगतीला कसा बसणार? मांडवातलं ते पान तसंच राहिलं. पाटील लांब कुंपणापाशी, भर उन्हात, पोरांच्या पंगतीत बसून जेवला. दोनदा भात मागून घेतला, पण टक्कल भाजलं ते भाजलंच. पुढं आठ दिवस सालपटं निघत होती, एक थर निघाला की खाली दुसरा. हीच ती भारी किंमत: फेटा, राजाशेजारचं पान आणि टकलाची सालपटं!

बोध एवढाच: सगळ्यांच्या वर बसायची हौस असेल, तर आधी आपल्याखाली कोण दबतंय ते वाकून बघावं.