गुडघ्याचा अर्क आणि तीन तळहात

चिंचगडच्या कोठीतला अर्क रोज कमी होत होता. मोहाच्या फुलांचा, दोनदा गाळलेला हा अर्क राजे झुंजाररावांच्या दुखऱ्या गुडघ्याला चोळण्यासाठी ठेवलेला. दाराला कुलूप, बाहेर पहारा, आणि तरी बरणीतली पातळी खालीच चाललेली. शेजारच्या बरणीतलं एरंडेल मात्र होतं तेवढंच होतं.

कोतवाल हैबतरावांनी तपासनीस नेमले. ते अर्क परातीत ओतून मोजू लागले. कमी भरला, म्हणून पुन्हा मोजला. आणखी कमी भरला, म्हणून तपासनीस वाढवले. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला की चोरी नक्की होते आहे आणि दिवसेंदिवस वाढते आहे. कोठीवाल्या नागोजीचं तोंड हुंगलं, तर नुसता कांद्याचा वास आला. तोही संशयास्पद ठरला.

राजांनी नागोजीला बजावलं, उद्या सभेत चोर हजर कर, नाहीतर डोकं भादरून गाढवावरून धिंड काढू आणि राज्याबाहेर हाकलू. कुलूप न उघडता आत शिरणारा चोर तो आणणार कुठून? दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून सभेत आला. त्याच्याबरोबर त्याची मुलगी साळू होती. तिनं कोठीतल्या दोन्ही बरण्या आणि तांब्याभर पाणी मागवलं.

"चोर मी महाराजांच्या हातातच देते," ती म्हणाली. "दिवाणजींनी आणि कोतवालसाहेबांनीही हात पुढे करावेत."

राजांच्या तळहातावर तिनं अर्काचा थेंब सोडला, दिवाणजींच्या हातावर पाण्याचा, कोतवालांच्या हातावर एरंडेलाचा. कुणी बोट हलवायचं नाही, असं सांगितलं.

थोड्याच वेळात राजे चमकले. "अगं, हात गार पडला. आणि थेंब कुठं गेला?"

"मीही तेच विचारते. हात आपला, पहारा आपला. आता धिंड कुणाची काढायची?"

महाराजांचं तेज अर्काला सोसलं नसावं, असं दिवाणजींनी घाईघाईनं सुचवलं. त्यांचा स्वतःचा हात अजून ओला होता. कोतवाल एरंडेल कुठं पुसावं ते शोधत होते.

साळूनं मग सांगितलं, की अर्काचे कण एकमेकांना सैलच धरून असतात. जरा ऊब मिळाली की ते हवेत जातात, आणि जाताना ती ऊब घेऊन जातात, म्हणून हात गार पडतो. पाण्याची पकड जास्त घट्ट, त्याला वेळ लागतो. एरंडेल तर जागा सोडायचं नावच घेत नाही.

राजे हट्टी. "मग गेल्या वर्षी का नाही उडाला?"

"गेल्या वर्षी आपला गुडघा दुखला तरच बूच निघायचं. यंदा बूच जरा सैल झालं, म्हणून थोडा थोडा उडू लागला. आणि आता चौकशीसाठी सकाळ-संध्याकाळ परातीत पसरतात. जेवढा पसरला, तेवढा उडायला मोकळा. महाराज, बाकीचा अर्क चौकशीनं प्यायला."

राजे हसायला लागले ते गुडघा धरूनच. हसता हसताच त्यांनी नागोजीला सोडलं, सगळ्या तपासनिसांना एरंडेल मोजायला बसवलं, आणि हातातलं सोन्याचं कडं काढून साळूपुढे धरलं.

साळूनं ते घेतलं नाही. तिचे दोन्ही हात बरणीवर होते.

"आधी बूच लावू द्या, महाराज. आपण हसताय तोवर हा निघालाच आहे."