तोडलेला खुंट

पूर्वी अपरान्त देशावर सुबाहू राजाचे राज्य होते. तेव्हा त्या राज्याच्या टोकाला, एका खाडीच्या उत्तर काठी, बोधिसत्त्व कोळ्याच्या कुळात जन्मला. गावाने त्याला तांडेल केले होते, म्हणजे होड्यांचा म्होरक्या. तो कमी बोले. खाडीच्या दक्षिण काठी दुसरे गाव होते. तिथला तांडेल पूर्णक.

दोन्ही गावांची रीत एक होती. खोल समुद्रात पाण्याखाली बुडालेल्या एका खडकाजवळ मासळीची उत्तम जागा होती. पावसाळा सरला की आश्विनातल्या अष्टमीला पहाटे दोन्ही गावांच्या होड्या निघत. त्या दिवशी भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाण्याला ओढ कमी असते, म्हणून तळाशी जाळे बांधायचा खुंट ठोकता येतो. ज्याचा खुंट आधी रोवला गेला, त्याची ती जागा पुढच्या पावसाळ्यापर्यंत. खुंट म्हणजे ताडाचा अखंड सोट. तो खाडीच्या चिखलात वर्षभर मुरवावा लागतो. प्रत्येक गावाकडे असा सोट एकच असे.

तीन वर्षे ती जागा बोधिसत्त्वाच्या गावाकडे होती.

त्या वर्षी सप्तमीच्या सकाळी तारली मासळी थव्यांनी आपण होऊन किनाऱ्याला आली. बायकांनी टोपल्यांनी उपसली. म्हातारेही गुडघाभर पाण्यात उतरले. सगळे म्हणाले, यंदा समुद्र प्रसन्न आहे.

बोधिसत्त्व हसला नाही. एवढी मासळी उथळ पाण्यात येते, ती कशाच्या भीतीने, हे तो पाहू लागला. खाडीच्या तोंडाशी गेला. पाऊस थांबून वीस दिवस झाले होते, तरी तळाचा गाळ वर आला होता आणि जाळ्यात काही नव्हते. मग टेकडीवर चढून त्याने बाहेरचा समुद्र पाहिला. वारा नव्हता. तरी नैर्ऋत्येकडून लांब, संथ लाटा येत होत्या. एक गेली की दुसरीला फार वेळ लागे. संध्याकाळी भरतीचे पाणी पौर्णिमेच्या उधाणाच्या खुणेला लागले. भांगाच्या दिवसांत इतके पाणी त्याने जन्मात पाहिले नव्हते.

त्याने गावाला सांगितले, उद्या होडी निघणार नाही.

गाव कुरकुरले, पण ऐकले. धाकटा भाऊ सोणक मात्र म्हणाला, "दादा, आपण थांबू. पूर्णक थांबेल का?"

बोधिसत्त्वाला तेच खात होते. दिवस मावळायच्या आत तो लहान होडी घेऊन खाडीपार गेला. पूर्णकाच्या अंगणात बेचाळीस माणसे दोरखंड वळत बसली होती. बोधिसत्त्वाने पाहिलेले सर्व सांगितले. पूर्णकाने ऐकून घेतले आणि सुपारी कातरीत राहिला.

"तीन वर्षं जागा तुझी," तो म्हणाला. "यंदा आमचा सोट चांगला मुरलाय, तर तुला वादळ दिसायला लागलं. आमच्या डोळ्यांना काय पडदा आलाय?"

माणसे हसली. एकाने विचारले, तांडेलाने परतीच्या वाटेवर रडत जाऊ नये म्हणून सोबत देऊ का.

बोधिसत्त्व परतला. रागावला नाही. आपल्या शब्दात आपला फायदा मिसळलेला आहे, हे त्याला दिसत होते. पूर्णकाच्या जागी तो असता तर त्यानेही विश्वास ठेवला नसता.

पहाटे त्याने आपल्या गावाचा खुंट चिखलातून काढवला. सोणकाला वाटले, दादाचे मन फिरले, आपण निघणार. त्याने आनंदाने दोर बांधले. पण खुंट होडीला बांधल्यावर बोधिसत्त्वाने ती समुद्राकडे नेली नाही. दक्षिण काठाकडे वळवली. पूर्णकाची माणसे होड्या पाण्यात लोटीतच होती. खुंट त्यांच्या वाळूवर ओढून घेऊन बोधिसत्त्वाने कुऱ्हाड उचलली आणि घाव घालायला सुरुवात केली.

सोणकाने त्याचा हात धरला. बोधिसत्त्वाने तो सोडवून घेतला. तिसाव्या घावाला सोट दुभंगला.

"आता वर्षभर माझं गाव ती जागा धरू शकत नाही," तो म्हणाला. "ती तुझीच. पुढच्या भांगाला जा. आज जाऊ नकोस."

पूर्णक वाकला आणि त्याने सोटाच्या तुटलेल्या तोंडाला हात लावून पाहिला. मग त्याने होडीतला आपला खुंट उतरवायला सांगितले.

ऊन चढले. आकाश निळे होते, एक ढग नव्हता. दोन्ही गावांची माणसे वाळूवर बसून राहिली. पूर्णकाची माणसे मधूनमधून बोधिसत्त्वाकडे पाहत. सोणक पाठ फिरवून बसला होता. वादळ आले नाही तर आपण गावाचे एक वर्ष उगाच तोडले, हा विचार बोधिसत्त्वाच्या मनातही येऊन गेला. वादळ यावे असे त्याला वाटेना, येऊ नये असेही वाटेना.

तिसऱ्या प्रहरी माशाही उडेनाशा झाल्या. मग वारा जमिनीकडून सुटला, होड्यांना बाहेर लोटणारा. वाळू उडाली. दिवस मावळण्यापूर्वी तोच वारा दक्षिणेकडून फिरला आणि समुद्र गावांत शिरला. दोन्ही गावे टेकडीवर चढली. तीन दिवसांनी उतरली तेव्हा झोपड्या नव्हत्या. माणसे सगळी होती.

पुढच्या भांगाला पूर्णकाने आपला खुंट त्या जागेवर रोवला. रीतीप्रमाणे जागा त्याची झाली. बोधिसत्त्वाच्या गावाने ते वर्ष खाडीतल्या आणि किनाऱ्यावरच्या मासळीवर काढले. काही दिवशी चूल एकदाच पेटली. सोणक पौष संपेपर्यंत भावाशी बोलला नाही.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा सोणक म्हणजे हा आनंद. पूर्णक म्हणजे सारिपुत्र. तेव्हाही त्याने तपासल्यावाचून काही मानले नाही. ती बेचाळीस माणसे आज या सभेत बसली आहेत. आणि तो तांडेल मी होतो. सत्य तर मी सप्तमीलाच सांगितले होते. त्यांना ते ऐकू आले अष्टमीला, खुंट तुटल्यावर. सत्यात मिसळलेला आपला फायदा तोडून टाकणे, याला त्याग म्हणतात."