मुजावरसरांनी न पाहिलेले गोल

"सर, माझं चुकलं तरी काय?"

मुजावरसर थर्मासचं झाकण फिरवत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"बस की हितं."

रणजित इंगवले बसला. कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कप्तान, हंगामात चौदा गोल मारलेला गडी, आणि अंतिम सामन्याला बाकावर! पलीकडच्या गॅलरीत विद्यापीठाचा संघ निवडायला आलेले गृहस्थ पांढरी टोपी घालून बसले होते. रणजितचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. आज त्यांच्या नजरेत भरला नाही, तर पुढं संधी नव्हती.

कारण त्याला ठाऊक होतं. उपान्त्य सामना जिंकल्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "सर, त्या पारस मगदूमला काढा. डाव्या बाजूनं नुसता पळतोय. अख्ख्या हंगामात एक गोल न्हाई. बॉलला पायसुद्धा लागत न्हाई त्याचा."

सर ऐकून घेऊन निघून गेले. आणि आज काढलं ते रणजितला.

माणूसच अजब! आधीचे सर रेषेवर उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि संघ पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळायचा. जूनमध्ये हे दस्तगीर मुजावर आले. सामना सुरू झाला की बाकावर मांडी घालून बसायचे, आणि बॉल उजवीकडं गेला की डावीकडं बघत राहायचे. सरांना एका डोळ्यानं दिसत नाही, अशी पोरांची खात्रीच झाली होती. संघ मात्र जिंकत सुटला होता.

एकदा रणजितनं हवेत उलटं होऊन गोल मारला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. तो धावत सरांकडं आला.

"कसा होता, सर?"

"कुठला?"

ते रणजितच्या फार जिव्हारी लागलं होतं.

शिट्टी वाजली. सामना सुरू झाला.

"मगदूमकडं बघ," सर म्हणाले. "बॉलकडं न्हाई."

"किती वेळ?"

"मी सांगंपर्यंत."

रणजित दातओठ खात बघू लागला. मगदूम डाव्या कडेनं पळाला, हात वर करून ओरडला. बॉल आला नाही. तो चालत माघारी आला आणि पुन्हा पळाला. पुन्हा बॉल दुसरीकडंच गेला. कपाळाचा घाम बाहीनं पुसून तो तिसऱ्यांदा निघाला.

मैदानात कुठंतरी आरडाओरडा झाला. रणजितची मान वळायला लागली.

"हं..." सर म्हणाले.

त्यानं मान सरळ केली. जीव नुसता तळमळत होता.

मगदूम नवव्यांदा पळाला, तेव्हा रणजितला आणखी दोघं दिसले. समोरच्या संघाचे बचाव करणारे दोन बॅक. मगदूमनं हात वर केला की दोघंही त्याच्यामागं धावत कडेला जात होते. आणि ते गेले की गोलपुढं ऐसपैस जागा मोकळी पडत होती.

ती जागा रणजित ओळखत होता. चौदाच्या चौदा गोल त्यानं तिथूनच मारले होते. आपल्या धाकानं ती मोकळी होते, असं तो आजवर समजत आला होता.

तो बाकाच्या कडेवर पुढं सरकून बसला.

"सर... हा दर सामन्यात असाच..."

"बघ."

तो बघत राहिला. आता मान वळवावीशी वाटेना. दहा, अकरा, बारा. बॉल येणार नाही हे त्या पोराला पक्कं माहीत होतं, तरी प्रत्येक वेळी तो बॉल येणारच अशा थाटात जीव तोडून पळत होता. एवढं मोठं काहीतरी आपल्या हाताच्या अंतरावर रोज चाललं होतं आणि आपण त्याला नुसतं पळणं म्हटलं! रणजितला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठं असं काहीतरी छातीत दाटून आलं.

मध्यंतर झालं, ते संपलं. विसाव्यांदा मगदूम पळाला आणि एकदम सगळं मैदान उठून उभं राहिलं. शिट्ट्या, ढोल, टोप्या हवेत.

"गोल कुणी मारला?" सरांनी विचारलं.

"...बघितलं न्हाई, सर."

सरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं तोंड वळवलं.

तिकडं पोरं गोल मारणाऱ्याच्या अंगावर पडली होती. इकडं कडेला मगदूम एकटाच पोटरी धरून बसला होता. पायात गोळा आला होता. त्याला उठता येईना.

"बूट घाल," सर म्हणाले.

"कुणाच्या जागी?"

"मगदूमच्या."

रणजितनं नाड्या आवळल्या, तोवर मगदूमला बाहेर आणून खेळ पुन्हा सुरू झाला होता. उभं राहताना त्याची नजर गॅलरीकडं गेली. पांढरी टोपी बॉलबरोबर डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं वळत होती.

तो सरांकडं वळला.

"सर, तिथं मला कोण बघणार?"

मुजावरसरांनी बाकावर पुन्हा मांडी घातली.

"मी बघतोय की."