नावाची नोंद

धरणात बुडालेल्या साकवडी गावच्या चौदा बाया शहरातल्या भल्यामोठ्या कलासंग्रहालयाच्या दारात उभ्या होत्या. गाव सोडून निघालेल्या माणसांचं एक चित्र त्यांना पाहायचं होतं. त्यांचं गाव आता तेवढ्या चित्रातच उरलं होतं.

संचालक भडकमकर नियमाला पक्के. ते म्हणाले, "गटानं यायचं तर पंधरा दिवस आधी नावांची यादी द्यावी लागते. नावाची नोंद नसेल तर इथे कुणालाही आत घेत नाही."

दारातच त्या चित्राची मोठी छापील प्रत लावली होती. सगळ्यांत थोरल्या गजराबाईंनी विचारलं, "सायेब, ह्याच्याखाली काय लिवलंय?"

"अनामिक ग्रामस्थ."

गजराबाईंनी डोक्यावर जातं घेतलेल्या माणसावर बोट ठेवलं. "ह्यो माझा बाप. ह्येला नावाबिगर आत कसं घेतलं तुमी?"

भडकमकर वाकून त्या माणसाकडे पाहू लागले.

"तुमचा नियम बरोबर हाय," गजराबाई शांतपणे म्हणाल्या. "वही काढा. जे आदी आत गेले त्यांची नावं सांगते. मग आमची लिवा."

साहेबांनी पेन उघडलं. चित्रात एकवीस माणसं होती. गजराबाई एकाही नावाला अडल्या नाहीत.